वाद, जल्प आणि युद्ध

उदगीरचा किल्ला आज लातूर जिल्ह्यांत मोडतो. इ. स. १७६० च्या फेब्रुवारींत त्या परिसरांत सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेला हार खावयास लावली आणि दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख मराठ्यांच्या पदरीं पडला. त्याच वर्षीं भाऊ उत्तरेच्या स्वारीवर निघाले. तिकडे मल्हारराव होळकर आणि भरतपूरचा सूरजमल जाट यांनीं त्यांना सल्ला दिला कीं, बायकामुलें, बाजारबुणगे आणि जड तोफा मागें ठेवाव्या, आणि सड्या फौजेनिशीं शत्रूची रसद तोडावी. या सल्ल्याला काय उत्तर मिळालें तें काशीराज पंडितानें आपल्या वृत्तान्तांत नमूद केलें आहे. त्याचा आशय असा : होळकर आतां थकले, त्यांची बुद्धि चालेनाशी झाली, आणि सूरजमलाचें काय, तो तर एक जमीनदार!

काशीराज हा शुजाउद्दौल्याच्या पदरीं होता. त्याचा शब्द न् शब्द प्रमाण मानावा असें नाहीं. परंतु त्यानें टिपलेली गोष्ट मनन करण्याजोगी आहे. होळकरांचा सल्ला कदाचित् चुकीचाहि असेल. भाऊंजवळ त्यावर खरें उत्तरहि होतें. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा प्रताप त्यांनीं उदगिरास नुकताच डोळ्यांनीं पाहिला होता. “तोफांवांचून आतां लढाई नाहीं,” असें ते म्हणाले असते, तर तो मुद्द्याला दिलेला मुद्दा झाला असता. पण एकाचें म्हातारपण आणि दुसऱ्याची जमीनदारी हें कांहीं रसदेच्या प्रश्नाचें उत्तर नव्हे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर उपाशी सैन्य रणांत उतरलें, तेव्हां रसदेचा प्रश्न जिथल्या तिथेंच उभा होता.

आपल्याकडे वादविवादाचें शास्त्र फार जुनें आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावें म्हणून केलेली चर्चा तो ‘वाद’. केवळ जिंकावें म्हणून, छलकपटानेंहि केलेली ती ‘जल्प’. आणि स्वतःचा कांहीं पक्षच न मांडतां दुसऱ्याचें खंडन करीत सुटणें ती ‘वितंडा’. मराठींतील ‘वितंडवाद’ हा शब्द तेथूनच आला. एरवींच्या व्यवहारांत जल्प आणि वितंडा यांनीं फारसें बिघडत नाहीं. चार घटका करमणूक होते आणि मंडळी आपापल्या घरीं जातात. युद्ध दाराशीं आलें असतां मात्र तसें होत नाहीं. तेथें अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचें उत्तर पुढें घटनाच देतात, आणि तें रक्ताच्या किंमतीनें घ्यावें लागतें. याचें जवळचें उदाहरण आपल्या मराठवाड्यानें, विशेषतः नांदेड आणि लातूर या गांवांनीं, पाहिलें आहे. श्रोतेहो, आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

हैदराबाद संस्थानांत माणसाकडे बोट दाखवून मुद्दा टाळण्याची रीत जुनी होती. १९३८ सालीं स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच सरकारनें तिच्यावर बंदी घातली. जबाबदार राज्यपद्धति हवी कीं नको, हा तिचा प्रश्न होता. सरकारचें म्हणणें काय, तर ही संस्था जातीय आहे आणि तिचे धागेदोरे संस्थानाबाहेरचे आहेत. ही बंदी १९४६ पर्यंत राहिली. त्याच वर्षीं नांदेड जिल्ह्यांत बिलोलीजवळ अर्जापूर येथें गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. बोलणाऱ्याचें तोंड बंद केलें म्हणजे बोलणें संपलें, अशी समजूत हळूहळू बळावत चालली होती.

१९४७ सालीं इंग्रज जाणार हें ठरलें, तेव्हां संस्थानापुढें एकच मोठा प्रश्न उभा राहिला : हिंदी संघराज्यांत सामील व्हावें, कीं स्वतंत्र राहावें ? आणि स्वतंत्र राहावयाचें तर संघर्षाचा प्रसंग आल्यास निभाव लागेल काय ? प्रश्न भावनेचा होता तसा हिशेबाचाहि होता. १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें संस्थानची लोकसंख्या सुमारें १ कोटि ६३ लाख होती. त्यांत मुसलमान प्रजा फार तर आठांत एक. समुद्रकिनारा नाहीं, चोहोंबाजूंनीं हिंदी संघराज्याचा मुलूख. दारूगोळा यावयाचा तो कोठून, आणि मीठ तरी कोठून, हें कोणाहि विचारी माणसानें विचारावें असें होतें.

तें विचारणारे दरबारांतहि होते. सर मिर्झा इस्माईल हे मैसूर आणि जयपूर येथें दिवाणगिरी गाजवून १९४६ च्या ऑगस्टांत हैदराबादचे दिवाण झाले. समेटाकडे त्यांचा कल होता. त्यांच्या धोरणावर टीका करण्यास जागा होतीच. पण मजलिस-इ-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षानें धोरण बाजूस ठेवून त्या गृहस्थांनाच लक्ष्य केलें. स्वतः मुसलमान असलेला हा मुत्सद्दी मुसलमानांचा वैरी ठरला, आणि वर्ष पुरें होण्याच्या आंत त्यांना पद सोडावें लागलें.

त्यांच्यामागून नवाब छतारी आले. कायदेपंडित सर वॉल्टर मॉंक्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या साह्यानें त्यांनीं दिल्लीशीं बोलणीं करून ‘जैसे थे’ कराराचा मसुदा तयार केला. मंत्रिमंडळाच्या बहुमतानें त्याला संमति दिली. आणि २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे, शिष्टमंडळ विमानानें दिल्लीस निघावयाचें त्याच वेळीं, जमावानें या तिघांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ अडकलें, पुढें छतारींनीं राजीनामा दिला.

या जमावाचे पुढारी कासिम रझवी यांचें म्हणणें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. दिल्ली सरकार दुसऱ्या संकटांत गुंतलें आहे, या घडीला ताणून धरल्यास अधिक पदरांत पडेल, असें त्यांचें अनुमान होतें. हिंदी सेना विमानांनीं श्रीनगरास उतरूं लागली ती नेमकी त्याच दिवशीं. म्हणजे त्यांच्याजवळ एक मुद्दा होता, आणि तो मंत्रिमंडळापुढें मांडून तपासतां आला असता. तो मांडला गेला घराभोंवतीं गर्दी करून, घरांतील माणसें फितूर आहेत असें ओरडून. याचा परिणाम काय झाला ? नवें शिष्टमंडळ गेलें, आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं करारावर सह्या झाल्या. करार कोणता ? थोड्या शब्दांचा फेर सोडला तर बहुतेक तोच ! मसुदा बदलला नाहीं. मसुदा करणारीं माणसें तेवढीं बदललीं, आणि सावधपणें बोलणारा एकहि मनुष्य सत्तेच्या जवळ उरला नाहीं.

हे रझवी लातूरचे वकील. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव होतें. तें स्वतंत्र जिल्हा झालें १९८२ सालीं. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेढ्यांनीं गजबजलेली ती मोठी बाजारपेठ होती. वकिलाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : प्रतिपक्षानें दस्तऐवज पुढें केला, तर तो खोटा आहे असें सिद्ध करावें लागतें, दस्तऐवज आणणारा मनुष्य वाईट आहे एवढें म्हणून न्यायाधीश दावा काढून टाकीत नाहीं. न्यायालयांत जें चाललें नसतें तें सभेंत चाललें, इतकेंच नव्हे तर टाळ्या घेऊन गेलें.

१९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत रझाकारांच्या जाचानें मराठवाड्यांतील खेडीं ओस पडूं लागलीं. नांदेड जिल्ह्यांत महसूल खात्यांत अधिकारी असलेले फरीद मिर्झा यांनीं हें पाहून नोकरीचा राजीनामा दिला. ऑगस्टांत त्यांच्यासह सात प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थांनीं एक निवेदन काढलें : रझाकार संघटना मोडावी आणि संस्थान संघराज्यांत सामील व्हावें. शोएबउल्लाखान या तरुण संपादकानें तें आपल्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकांत छापलें. निवेदनांतील एकाहि वाक्याचें खंडन झालें नाहीं. सह्या करणारे आणि छापणारा हे मात्र कौमेचे द्रोही ठरले. २१ ऑगस्टच्या रात्रीं शोएबउल्लाखान कचेरींतून घरीं परतत असतां त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांचा हात तोडण्यांत आला. ते वांचले नाहींत. वय अवघें सत्तावीस.

योगायोग असा कीं, २१ ऑगस्टलाच हैदराबाद सरकारनें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रारीची तार पाठविली. परदेशांतील परिषदेपुढें हें सरकार कलमें आणि करार यांच्या आधारानें युक्तिवाद करावयास सिद्ध होतें. आणि घरांत त्याच प्रश्नावर युक्तिवाद करणाऱ्याचा लिहिता हात रस्त्यांत पडला होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सेना संस्थानांत शिरली आणि १७ तारखेस सायंकाळीं निजामांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं. जे प्रश्न वर्षभर विचारूं दिले नव्हते, त्यांचीं उत्तरें पांच दिवसांत मिळालीं. पुढें २३ तारखेस निजामांनीं नभोवाणीवरून भाषण केलें. एका लहान गटानें छतारी आणि मॉंक्टन यांच्या घरांना वेढा घालून राज्याचा ताबा घेतला आणि आपणांस असहाय करून सोडलें, असें त्यांनीं जगाला सांगितलें. निजाम खरोखर किती असहाय होते, हा वादाचा विषय आहे. पण राजाला हें सांगावयास सवड मिळाली ती सर्व आटोपल्यावर. ऑक्टोबर १९४७ मध्यें हेंच बोलणारे फितूर ठरले होते.

कथा येथें संपली असती तर बरें होतें. परंतु माणसावर शिक्का मारण्याची संवय एकदां समाजाला लागली, म्हणजे शिक्का कोणाच्या हातीं आहे एवढाच काय तो फरक राहतो. काल ‘द्रोही’ हा शब्द चालत होता. सप्टेंबरनंतर ‘रझाकार’ हा शब्द तसाच चालूं लागला. ज्यानें कधीं काठीहि हातीं धरली नव्हती असा विणकर, दुकानदार, शेतमजूर केवळ नांवावरून रझाकार ठरला. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि त्यांचे सहकारी यांनीं संस्थानांत फिरून चौकशी केली. त्यांच्या अहवालांत सर्वांत अधिक हानि झालेले म्हणून चार जिल्हे नोंदले आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. सबंध संस्थानांत मारल्या गेलेल्यांची संख्या त्यांनीं २७ ते ४० हजार अंदाजिली. लातुरांत तर वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या, असें ते लिहितात. सुमारें दहा हजार मुसलमान वस्तीपैकीं जेमतेम तीन हजार त्यांना गांवांत आढळले. हा अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं.

रझवींच्या गांवचे म्हणून लातूरच्या लोकांनीं हें भोगलें. स्वतः रझवी तुरुंगांत होते. १९५७ सालीं सुटून ते पाकिस्तानांत गेले. ज्यांनीं त्यांना मत दिलें नव्हतें, ज्यांनीं त्यांचें भाषणहि ऐकलें नव्हतें, त्यांना त्यांच्या शब्दांचा हिशेब चुकता करावा लागला.

कोणी म्हणेल, सार्वजनिक जीवनांत माणसाची पारख करूंच नये काय ? अवश्य करावी. युद्धाचा पुरस्कार करणाऱ्याचा त्यांत कांहीं लाभ आहे काय, तहाचा पुरस्कार करणाऱ्याचा आहे काय, हें जरूर विचारावें. साक्षीदाराची उलटतपासणी न्यायालयांतहि होतेच. परंतु उलटतपासणी झाली म्हणून पुरावा नाहींसा होत नाहीं. तो पुनः हातीं घेऊन पाहावाच लागतो. वैऱ्यानें सांगितलें तरी विहींरींत पाणी नसेल तर पाणी नाहींच.

सुंदरलाल यांच्या अहवालांत या काळोख्या हकीकतींतहि एक नोंद आहे. कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान विणकर शेजाऱ्यांचें रक्षण केलें, आणि त्यापायीं प्रसंगीं स्वतःचे प्राणहि दिले. दारावर आलेला जमाव विचारीत होता, हा कोणाचा माणूस ? विणकरांनीं त्या प्रश्नाचें उत्तर दिलें नाहीं. हा मनुष्य कोण आहे, तें त्यांना माहीत होतें. तो शेजारच्या मागावर बसत असे.