बगळ्याचा तुरा आणि टोपीची फॅशन

विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर जाळीदार, मोकळ्या धाग्यांची पिसे फुटतात. नर-मादी दोघांनाही ती येतात आणि जोडी जमवताना फुलवली जातात. यांतल्या ‘लहान बगळा’ या जातीची चोच व पाय काळे आणि बोटे पिवळी. ‘मोठा बगळा’ या जातीची मान लांब व नागमोडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील बायकांच्या टोप्यांवर बगळ्यांची हीच विणीची पिसे मिरवू लागली आणि त्यांचा भाव सोन्यालाही मागे टाकू लागला.

खरा घात हंगामाने केला. पिसे भरात असत तेव्हाच बगळे सारंगागारात, म्हणजे सामूहिक घरट्यांच्या वसाहतीत, अंडी-पिलांपाशी अडकलेले असत. शिकाऱ्याला त्यांना शोधावे लागतच नसे; मोठे पक्षी मेले की पिले घरट्यातच उपाशी मरत. फ्लोरिडात १९०५ साली गाय ब्रॅडली या पक्षिरक्षकाचाही शिकाऱ्याची गोळी लागून मृत्यू झाला.

विरोध उभारला तो मुख्यतः स्त्रियांनीच. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी पक्षिरक्षणासाठी संघटना काढली. १८९६ मध्ये बोस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे यांनी मोहीम उघडली. ब्रिटिश हिंदुस्थानने १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. तरी सिंधमध्ये कुंपणात बगळे पाळून पिसे उपटण्याचा धंदा चालला. ब्रिटनने आयात रोखली ती थेट १९२१ च्या कायद्याने, तोवर फॅशनही ओसरत आली होती.