‘शुगर’ म्हणजे नेमकी कोणती शुगर? एका शब्दाचा इतिहास

माजिवडा नाक्यावरच्या कुठल्याही केमिस्टच्या दुकानासमोर संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहा. एक जण म्हणतो, “शुगरच्या गोळ्या द्या, महिन्याच्या.” दुसऱ्याला ‘शुगर-फ्री’ बिस्किटं हवी असतात. तिसरी व्यक्ती शुगर तपासायच्या पट्ट्या मागते आणि चौथी घाईघाईत म्हणते, “आईची शुगर डाऊन झालीय, ग्लुकोज पावडर द्या लवकर.” शब्द एकच, पण चौघांच्या मनातले अर्थ चार. पहिल्यासाठी शुगर हा आजार आहे, दुसऱ्यासाठी डब्यातली साखर, तिसऱ्यासाठी मशीनवरचा आकडा आणि चौथीसाठी तर शुगर हेच औषध आहे.

एका शब्दाचे अनेक अर्थ असणं यात वावगं काही नाही. पण हा शब्द असा आहे, की त्याचे अर्थ एकमेकांत मिसळले तर माणूस दवाखान्यात पोहोचतो. म्हणून आज औषधांपेक्षा या शब्दाची गोष्ट सांगतो.

शर्करा गेली, शुगर होऊन परत आली

‘शुगर’ हा इंग्रजी शब्द मूळचा आपलाच. संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे वाळू, बारीक खडे. उसाचा रस आटवून त्याचे कण करायची कला आपल्याकडे साधली, तेव्हा त्या कणांनाही शर्करा हेच नाव मिळालं. गंमत म्हणजे सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटलं आहे. म्हणजे या शब्दाला दोन अर्थ असण्याची सवय फार जुनी आहे!

पुढे प्राकृतातून शर्करेची ‘साखर’ झाली. दुसऱ्या वाटेने ती फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ झाली, लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत गेली आणि ‘शुगर’ होऊन आपल्याकडे परत आली. १८७९ साली सापडलेल्या ‘सॅकरीन’ या कृत्रिम गोडव्याचं नावही याच घराण्यातलं. साखर, शुगर आणि सॅकरीन ही एकाच आजीची नातवंडं.

रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात साखरेची नोंद केली, ती ‘फक्त औषधासाठी वापरतात’ अशी. युरोपात पुढची अनेक शतकं साखर औषधविक्रेत्यांकडे मिळे आणि महाग असे. नंतर कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत गुलामांच्या श्रमावर ती पिकू लागली आणि स्वस्त झाली.

महाराष्ट्रात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि राज्यभर कारखाने उभे राहिले. तरीही रेशनकार्डावर मोजून मिळणारी साखर तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आज ती मोजायची गरज पडत नाही, म्हणून आम्हाला मोजायला सांगावी लागते.

ही झाली पहिली शुगर: डब्यातली. रसायनशास्त्रात तिचं नाव सुक्रोज. तिच्या प्रत्येक रेणूत अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो.

दुसरी शुगर: लघवीतली

घरातली ज्येष्ठ मंडळी अजूनही म्हणतात, “त्यांच्या लघवीत साखर जाते.” हा या आजाराचा सर्वांत जुना अर्थ. चरक आणि सुश्रुत यांनी प्रमेहाचं सविस्तर वर्णन केलं आहे. ‘मधुमेह’ या नावातच मधासारखी गोड लघवी आहे. लघवीला मुंग्या लागतात, हे निरीक्षणही आपल्या वैद्यांचं. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले: जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा. आजचे ‘टाइप १’ आणि ‘टाइप २’ म्हणजे नेमके हेच, असं म्हणणं ओढूनताणून होईल, पण सगळे रुग्ण सारखे नसतात हे त्याने ओळखलं होतं.

इंग्लंडमध्ये थॉमस विलिस याने या लघवीच्या गोडीबद्दल लिहिलं, ते १६७४ च्या सुमारास. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन याने रुग्णाची लघवी आटवली, तेव्हा तळाशी साखरेसारखा पांढरा थर उरला. रुग्णाच्या रक्ताचा द्रवही गोड लागतो, हेही त्याने नोंदवलं. म्हणजे साखर लघवीत तयार होत नव्हती, रक्तातून तिथे येत होती. १८१५ मध्ये शेव्ह्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं, की ही द्राक्षातली साखर, म्हणजे आपण आज जिला ग्लुकोज म्हणतो ती.

विसाव्या शतकात बेनेडिक्टचं निळं द्रावण आलं. परीक्षानळीत ते घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. रंग निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा चढत गेला तर साखर वाढती. आमच्या पिढीचे डॉक्टर कॉलेजात हे करूनच शिकले.

पण लघवीतली शुगर उशिरा बोलते. साधारणपणे रक्तातलं ग्लुकोज १८० च्या वर गेल्याशिवाय ते लघवीत उतरत नाही. त्यामुळे ‘लघवीत साखर नाही’ याचा अर्थ ‘मधुमेह नाही’ असा होत नाही. उलट डापाग्लिफ्लोझिनसारखी नवी औषधं जास्तीची साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. ती घेणाऱ्याच्या लघवीत साखर दिसणारच. रिपोर्ट पाहून घाबरू नका आणि गोळीही परस्पर बंद करू नका.

तिसरी शुगर: रक्तातली

आज तुम्ही बोटाला टोचून पाहता ती ही. तिची मोठी गंमत आहे. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० असेल, तर एक डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम. जेमतेम एक चहाचा चमचा! शरीर दिवसभर हा एक चमचा सांभाळत असतं.

मग नेहमीचा प्रश्न येतो: “डॉक्टर, चहातली साखर सोडून सहा महिने झाले, तरी उपाशीपोटी शुगर १६० कशी?” याचं उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलं. त्याने दाखवलं, की यकृत स्वतः ग्लुकोज साठवतं आणि रक्तात सोडतं. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही हे काम चालू असतं. मधुमेहात यकृताला ‘आता पुरे’ हा निरोप नीट पोहोचत नाही. शिवाय भात, पोळी, पोहे आणि उपासाची साबुदाणा खिचडी यांचंही शेवटी ग्लुकोजच होतं. डब्यातली साखर बंद केली, म्हणजे रक्तातली शुगर बंद झाली असं नाही.

चौथी शुगर: आजार

“त्यांना शुगर आहे.” हा अर्थ इंग्रजी शब्दकोशापेक्षा आपल्या बोलण्यात जास्त रुजला. पण आजाराला साखरेचं नाव दिलं, की दोषही सगळा साखरेवर जातो, आणि इथे इतिहास आपल्याला सावध करतो.

इन्सुलिन येण्याआधी डॉक्टर हेच करत असत: साखर बंद, पिष्टमय पदार्थ बंद, शेवटी जवळजवळ उपासमार. टाइप १ ची मुलं त्याने थोडे दिवस जास्त जगत, हाडांचा सापळा होऊन. पुढे बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन मिळवलं. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचण्यात आलं. पहिला डोस पुरेसा शुद्ध नव्हता. काही दिवसांनी शुद्ध केलेला दिला आणि मरणाच्या दारातला तो मुलगा त्यानंतर १३ वर्षं जगला. कमतरता इन्सुलिनची होती. टाइप २ मध्येही मूळ दुखणं तेच: इन्सुलिन अपुरं पडतं किंवा शरीर त्याला दाद देत नाही.

“मी तर बारीक, मला कशी शुगर?” असंही विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या २१.२ टक्के! आपण भारतीय दिसतो बारीक, पण चरबी आत बाळगतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. ते सगळे काही जाडजूड नाहीत.

आकडा आणि आजार यांतला फरकही लक्षात ठेवा. “शुगर नॉर्मल आली म्हणून गोळी सोडली,” असं सांगणारे दर आठवड्याला भेटतात. नॉर्मल आली ती तिसरी शुगर. चौथी तिथेच आहे, गोळीने धरून ठेवलेली. म्हणूनच आम्ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी मागतो.

अर्थ चुकला की काय होतं

बाळकुमकडच्या एका घरातून आजोबांना माझ्याकडे आणलं होतं. घामाने चिंब, हात थरथरत, बोलणं असंबद्ध. सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती, पण जेवायला उशीर झाला होता. मोजली तर शुगर ४६. घरात साखरेचा डबा भरलेला होता. सूनबाईंनी पाणीसुद्धा ढवळायला घेतलं होतं, पण कुणीतरी म्हणालं, “अगं, त्यांना शुगर आहे, साखर काय देतेस?” त्या माउलीचं बरोबर होतं. चौथ्या अर्थाने पहिल्या अर्थाचा हात धरला आणि अर्धा तास गेला. आजोबा सुदैवाने सावरले.

म्हणून एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा:

• मधुमेहाचं औषध घेणाऱ्याला अचानक घाम, थरथर, धडधड, भूक किंवा गोंधळल्यासारखं झालं, तर आधी शुगर कमी झाल्याची शंका घ्या. ७० च्या खाली म्हणजे कमी, ५४ च्या खाली म्हणजे धोक्याची.
• शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्या. इथे ‘शुगर-फ्री’ची गोळी अजिबात उपयोगाची नाही.
• पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या. काही गोळ्यांचा परिणाम तासन् तास टिकतो, म्हणून डॉक्टरांना कळवाच.
• बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका. थेट रुग्णालय गाठा.
• मशीन जवळ नसेल तर शोधत बसू नका. साखर आधी, आकडा नंतर.

आता दुकानातल्या पाकिटाकडे वळू. आपल्या नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल, तरच ‘शुगर-फ्री’ लिहिता येतं. पण त्यात मैदा आणि तूप नाही, असं त्या शब्दांत कुठेही म्हटलेलं नाही. मैद्याचं पोटात जाऊन ग्लुकोजच होतं. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ याचा अर्थ वरून साखर घातलेली नाही एवढाच. फळांच्या रसाची मूळची गोडी त्यात असतेच. आणि संक्रांतीच्या गुळाला ‘नैसर्गिक’ म्हटलं, तरी त्यात मुख्यतः सुक्रोजच असतं.

हा शब्द बदला असं माझं म्हणणं नाही, तो आता आपला झाला आहे. पण बोलताना त्याला एक शब्द जोडा. ‘उपाशीपोटीची शुगर’, ‘जेवणानंतरची शुगर’, ‘शुगर कमी झालीय’, ‘मधुमेहाची गोळी’. फोनवर तुम्ही नुसतं “शुगरचा त्रास होतोय” म्हणालात, तर ती वाढलीय की घटलीय हे मला कळत नाही, आणि दोन्हींचे उपाय अगदी उलटे आहेत.