गवंड्याविना भिंत

इतिहास म्हटला की तट, बुरूज आणि वेशी ओघानेच येतात. मला आज हकीकत सांगायची आहे ती मात्र अशा भिंतीची, जिला ना गवंडी लागला ना चुना. पाण्यात ती आपली आपण उभी राहते. आणि तिचा माग काढू लागलो, की आपण एका स्वयंपाकघरात जाऊन पोहोचतो.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरी आग्नेस पोकेल्स राहत असे. विज्ञानाची ओढ विलक्षण. पण तिच्या तरुणपणी तिथल्या विद्यापीठांची दारे मुलींना बंद. आजारी आईवडिलांची शुश्रूषा करता करता तिने घरातच प्रयोग मांडला. पत्र्याचे पसरट भांडे, काठोकाठ पाणी आणि वर एक सरकती पट्टी, एवढ्या सामग्रीवर ती तेलकट तवंगाचे गुण मोजू लागली. १८९१ साली तिने हे लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवले. त्या थोर पंडिताने ते आपल्या शिफारशीसह ‘नेचर’कडे धाडले आणि ते छापून आले.

१९१७ साली लँगम्यूर यांनी दाखवले, की अशा तवंगात रेणू एकेरी थरात उभे असतात: पाण्याशी सलगी करणारे डोके खाली, पाणी टाळणारी शेपटी वर. १९२५ साली हॉलंडच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला स्निग्धांश पाण्यावर पसरला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. म्हणजे पेशीची भिंत दुपदरी! त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, पण त्यांनी एकमेकींना खोडले आणि निष्कर्ष टिकला.

पुढे १९६०च्या दशकात केंब्रिजजवळ बँगहॅम यांना दिसले, की असे स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळले की त्यांच्या पोकळ पिशव्या होतात. हे घडवते पाणीच. दुपदरी चादरीची कड उघडी राहिली, तर शेपट्यांना पाणी लागते; म्हणून चादर वळते, मिटते आणि आत पाणी कोंडते. त्या पोकळीत औषध ठेवता येते. १९९५ साली कर्करोगावरील अशा एका औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण या पिशव्या नाजूक. १९९९ साली पेनसिल्व्हेनिया आणि मिनेसोटा येथील संशोधकांनी रेणूंच्या लांब साखळ्या, म्हणजे पॉलिमर घेतले. साखळीचा एक भाग पाण्यात विरघळणारा, दुसरा पाण्याला विटलेला. त्यांच्याही पोकळ पिशव्या झाल्या, आणि त्या सुमारे दसपट चिवट निघाल्या!

आग्नेसबाईंना हे पाहायला मिळाले नाही. १९३५ साली त्या वारल्या. तत्पूर्वी, १९३२ साली, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. बाईंचे वय तेव्हा सत्तर होते. पाण्यातली भिंत क्षणात उभी राहते. माणसांनी उभारलेली एक भिंत उतरायला मात्र जन्म सरत आला होता, हे मला विसरवत नाही.