फाँटबदल आणि पाठभेद

पंधरावीस वर्षांपूर्वीचा एखादा लेख मोबाइलवर उघडावा आणि मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसावी, हा अनुभव मराठीच्या अभ्यासकांना नवा नाही. त्यावरचा उपायही आता हाताशी आला आहे. फोनमधील एखादे अ‍ॅप ती फाइल घेते, जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणते आणि हवी तर तिची पीडीएफही करून देते. ही क्रिया निव्वळ तांत्रिक आहे असे समजून आपण ती संगणकतज्ज्ञांवर सोपवून मोकळे होतो. आमच्या मते ती मुळात लिप्यंतराची क्रिया आहे. आणि लिप्यंतर म्हटले की वाचन आले, निर्णय आले, पाठभेदही आले.

मराठीला हा प्रश्न अपरिचित नाही. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून टाकण्यासाठी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. अशा साधनग्रंथांतून मोडी कागद बाळबोधीत येत गेले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही, शब्दही तोडून लिहिलेले नसतात. वेलांटी पहिली की दुसरी, शब्द कोठे संपतो, हे संपादकालाच ठरवावे लागते. मात्र मूळ कागद दप्तरात शिल्लक असेल, तर त्याचा निर्णय पुन्हा तपासता येतो.

संगणकयुगातील लिप्यंतराची गोष्ट थोडी वेगळी आहे. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र आकाराला आले आणि पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्याचा विस्तार झाला. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावर बेतलेली होती. या दोन्ही पद्धतींत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. मुद्रणव्यवसायाची गरज मात्र निराळी होती. त्याला पान सुबक दिसायला हवे होते. त्यामुळे श्रीलिपी, आकृती, शुषा, कृतिदेव अशा फाँटांनी रोमन अक्षरांसाठी असलेल्या २५६ घरांतच देवनागरीचे तुकडे बसवले आणि प्रत्येकाने ते आपापल्या सोयीने बसवले. शुषामध्ये ‘आणि’ हा शब्द मोठा ए, लहान ए, लहान आय, मोठा एन आणि लहान ए अशा पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठतो. वेलांटी ‘ण’च्या आधी येते आणि शेवटचा ए हा ‘ण’चा उभा दंड असतो. संगणकाच्या लेखी तेथे मराठी नसतेच. मराठी असते ती फक्त फाँटच्या चेहऱ्यात.

पनवेल तालुक्यातील तीन नावे घेतली की परिवर्तनाचे काम स्पष्ट होते. ‘बेलपाडा’ या नावात काने-मात्रा आहेत आणि त्या दिसतात त्याच क्रमाने उच्चारल्या जातात. त्यामुळे तुकड्यांचे कोष्टक बरोबर असले की काम भागते. वासुदेव बळवंत फडके यांच्या ‘शिरढोण’मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चारात ती ‘श’नंतर येते, म्हणून ती उचलून मागे न्यावी लागते. ‘कर्नाळा’ या नावात रफार ‘न’च्या डोक्यावर बसतो, परंतु त्यातला ‘र्’ ‘न’च्या आधीचा आहे. जुना फाँट रफार ‘न’नंतर साठवतो, युनिकोड आधी. म्हणजे नुसते कोष्टक पुरत नाही. उच्चाराचे व्याकरण अ‍ॅपला शिकवावे लागते.

वर्डच्या २००७ पासूनच्या फाइलचा यात मोठा उपयोग होतो. ती वस्तुतः अनेक छोट्या फाइलींचे एक गाठोडे असते आणि मजकुराच्या प्रत्येक तुकड्याबरोबर फाँटचे नावही तिच्यात नोंदता येते. चांगले अ‍ॅप ते गाठोडे सोडते, जुन्या फाँटमधले तुकडे तेवढे बदलते, इंग्रजी तुकड्यांना हात लावत नाही आणि गाठोडे पुन्हा बांधते. तोच मजकूर नुसता उचलून दुसरीकडे चिकटवला, तर फाँटचे नाव हरवते आणि त्याबरोबर किल्लीही हरवते. पीडीएफची गंमत उलटी आहे. तिच्यात फाँट सोबतच असल्याने पान डोळ्यांना निर्दोष दिसते, पण आतला मजकूर जुन्याच सांकेतिक रूपात राहिला असेल, तर शोधल्यास एक शब्दही सापडत नाही.

खरा पेच त्यापुढे आहे. हिंदीपुरते नियम असलेले परिवर्तक मराठी मजकुराला लावले, की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊ शकतो. डोंगरातून आपण थेट समुद्रात पोचतो आणि वाक्य तरीही निमूटपणे उभे राहते. ‘अ‍ॅ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्यामुळे एकाच दिसणाऱ्या शब्दाची साठवण दोनतीन प्रकारची असते आणि शोध अपुरा पडतो. जुन्या टंकलेखनात ‘प्रसिद्ध’ऐवजी ‘प्रसिध्द’ सर्रास आढळते. ते परिवर्तनाच्या वेळी सुधारावे की तसेच ठेवावे? वृत्तपत्रासाठी सुधारणे योग्य ठरेल. परंतु एखाद्या लघुनियतकालिकातील कविता असेल, तर कवीचे मुद्दाम केलेले लेखन कोणते आणि टंकलेखकाची चूक कोणती, हे अ‍ॅप कशाच्या आधारे ठरवणार? हा निर्णय पाठचिकित्सेचा आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये युनिकोड हे ई-प्रशासनाचे मानक म्हणून स्वीकारले. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. पुढची वाट त्यामुळे सरळ झाली, मागचे लेखन मात्र मागेच राहिले. विसाव्या शतकाचे अखेरचे दशक आणि त्यानंतरची काही वर्षे यांतील कितीतरी प्रबंध, दिवाळी अंक व संपादने अशा फाँटांत बंदिस्त आहेत. मोडी कागद वाचायला जाणकार माणूस पुरतो. या फाइलींना तो फाँट आणि त्याचे कोष्टक दोन्ही लागतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. परिवर्तन जरूर करावे, पण मूळ फाइल पुसू नये. तिच्यासोबत फाँटची प्रत, त्याचे नाव, परिवर्तकाचे नाव आणि तारीख जपावी. हाती केलेल्या दुरुस्त्यांची टीप जोडावी. एम.ए.च्या पाठचिकित्सेच्या तासाला हस्तलिखितांच्या पोथ्यांशेजारी अशी एक फाइलही ठेवावी. जुन्या नकलाकाराचे अक्षर पाहून त्याची चूक निदान ताडता तरी येत असे. अ‍ॅपची चूक सुवाच्य अक्षरात येते. ती ओळखायला मूळ प्रतच लागते.