शनिवारची अमावस्या

जेऊर म्हटलं की करमाळा तालुक्याबाहेरच्या माणसाला फार तर पुणे-सोलापूर मार्गावरचं एक स्टेशन आठवतं. पण १८९८ च्या जानेवारीत अमेरिकेतली माणसं ह्या जेऊरला तंबू ठोकून बसली होती. हे मला शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनी सांगितलं, तेव्हा मला ती थाप वाटली.

२२ जानेवारी १८९८. पौष अमावस्या, वार शनिवार. खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गाच्या बाजूनं कोकणात चढली आणि जेऊरवरून वऱ्हाडाकडं गेली. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल साहेब बायकोसह जेऊरला आले होते, बरोबर चाळीस फुटी कॅमेरा. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवालाही जेऊरलाच. नुकता दुष्काळ होऊन गेलेला, मुंबई-पुण्याकडं प्लेग. अशा दिवसांत पेट्या भरून समुद्र ओलांडायचा आणि बघायचं किती, तर दोन मिनिटं. ढग आला तर तेवढंही नाही. लिकच्या लोकांना १८९६ साली जपानात ढगांनी फसवलंच होतं. जेऊरला रेल्वे दारात होती, आणि जानेवारीत आमच्याकडं आभाळ कोरडं असतं. त्या दुष्काळी आभाळाचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा. हेच कॅम्पबेल पुढं १९२२ साली ऑस्ट्रेलियात गेले आणि ताऱ्यांचा उजेड सूर्याजवळून जाताना किती वाकतो, ते ग्रहणातच मोजून आईनस्टाईनचा हिशेब पडताळून आले.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि १८६८ साली लॉकयर साहेबाला हेलियम तिथंच सापडला असं सांगतात. लॉकयर किल्ल्यावर आला हे खरं, पण १८९८ च्या ह्याच ग्रहणाला. १८६८ साली तो इंग्लंडातच होता. त्या साली ग्रहण बघायला जान्सेन हा फ्रेंच माणूस गुंटूरला आला होता. आपल्या गावाचा अभिमान असावा, पण तीस वर्षांची गफलत करून नव्हे.

आमच्या घरात त्या १८९८ च्या दिवसाची आठवण एवढीच, की पणजीनं भरदुपारी कोंबड्या डालल्या. ती स्वतः आत बसली होती. कोंबड्या उजेड गेल्यावर आपोआप आत आल्या, ते तिनं फटीतून बघितलं. आजी हे सांगायची ते भीतीनं, आणि मला ऐकताना हेवा वाटायचा.

पुढचं खग्रास १६ फेब्रुवारी १९८०. तेव्हा मी अठराचा, दहावी होऊन शेती बघत होतो. आमच्याकडं खंडग्रासच होतं. पुरतं बघायचं तर रायचूरला जायला हवं, आणि आमच्या जेऊरचे रूळ सोलापूर-वाडीवरून थेट तिकडंच जातात. गुरुजींनी नकाशावर शिसपेन्सिलीनं पट्टा काढून दिला. जेऊरला पॅसेंजर धरायची, सोलापूरला गाडी बदलायची, आदल्या रात्री रायचूरच्या फलाटावर झोपायचं. मी काचेवर काजळी धरून ठेवली. (हे आता कुणी करू नये, डोळे जातात.) ज्वारीची काढणी चालू होती, म्हणून दोन दिवसांच्या बदल्यात चुलतभावाच्या रानात चार दिवस काढायचं कबूल केलं. भाड्याचे पैसे जमवले. सगळं जमलं, अक्काचं तेवढं राहिलं.

थोरली अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा सरत आलेला. आजीनं पंचांग विचारून आणलं. माघ अमावस्या, आणि पुन्हा शनिवार.

“तू जा की,” आजी मला म्हणाली. “न्हाई कोन म्हनतंय? पन पोराच्या व्हटाला कायबी झालं, तर जन्मभर तुझंच नाव निघंल.”

वडील काही बोलले नाहीत. अक्काही बोलली नाही, आणि तिचं ते गप्प बसणं मला जास्त जड गेलं. ग्रहणाचा आणि ओठाचा संबंध नाही हे मला ठाऊक होतं. पण बाळाचं काही बिघडलंच असतं, तर सासरी तिला ऐकून घ्यावं लागलं असतं, मला नव्हे. मी राहिलो.

त्या दुपारी रानात माणूस नव्हतं. अक्काला आतल्या खोलीत बसवून दार लावलेलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, पडायचं नाही. तिला एकटीला भीती वाटू नये म्हणून मी आत बसलो. तीनच्या पुढं अक्का हळूच म्हणाली, “आरं, हे बघ.”

पत्र्याला खिळ्याचं भोक होतं. त्यातून येणारा कवडसा रोज गोल पडायचा. आता सारवलेल्या भुईवर चतकोर भाकरीएवढाही आकार उरला नव्हता, नुसती कोर. अक्कानं हात पुढं केला आणि ती कोर तळहातावर घेतली. बघता बघता बारीक होत गेली, मग उलट्या बाजूनं फुगायला लागली. बाहेर “दे दान, सुटं गिराण” ऐकू आलं, तेव्हा तिनं हात पदरात घेतला. आजीला आम्ही कधीच सांगितलं नाही.

एप्रिलात भाचा झाला, धडधाकट. गुरुजी रायचूरला जाऊन आले. त्यांनी तिथलं सांगायला घेतलं, की मी विषय बदलायचो.

तो भाचा आता चाळिशी ओलांडलेला. २० मार्च २०३४ ला खग्रास लडाखच्या बाजूला दिसणार आहे, असं तोच सांगत आला. मी तोवर सत्तरी ओलांडलेली असणार, गुडघे आत्ताच कुरकुरतात. पण मार्चात ज्वारी घरात आलेली असते, तेवढी अडचण नाही. तिकडं वर थंडी फार, म्हणून घोंगडं न्यावं की जाड कोट घ्यावा, ह्यावर आमचं बोलणं चाललं होतं. अक्का शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, “माझंबी तिकीट धरा. ह्या खेपेला मी आत बसायची न्हाई.”