राष्ट्राध्यक्षीय प्रभाव (अमेरिका)
संविधानाने दिलेल्या अधिकारांपलीकडे, इतरांचे मन वळवून धोरण अमलात आणण्याची अमेरिकी राष्ट्राध्यक्षाची क्षमता. तेथे सत्ता काँग्रेस (संसद), न्यायालये व घटकराज्ये यांत विभागलेली असल्याने केवळ हुकमावर कारभार चालत नाही. ही मांडणी राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड न्यूस्टाट (१९१९–२००३) यांनी ‘प्रेसिडेन्शियल पॉवर’ (१९६०) या ग्रंथात केली. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्याबरोबर काम केल्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

न्यूस्टाट यांच्या मते प्रभावाचे आधार तीन : पदाने मिळणारी देवाणघेवाणीची संधी, राजधानीतील राजकारण्यांमध्ये असलेला कर्तबगारीचा लौकिक आणि जनमानसातील प्रतिष्ठा. आजचा प्रत्येक निर्णय उद्याचा प्रभाव वाढवतो किंवा घटवतो. केवळ हुकूम कसा अपुरा पडतो याचे उदाहरण म्हणजे १९५२ मध्ये ट्रूमन यांनी आदेश काढून पोलाद कारखाने ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. याउलट १९४८ मध्ये विरोधी रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर व्हँडनबर्ग यांना विश्वासात घेतल्याने युरोपच्या पुनर्उभारणीची मार्शल योजना काँग्रेसमध्ये संमत झाली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यासाठी लिंडन जॉन्सन यांनी रिपब्लिकन नेते डर्कसन यांचा पाठिंबा मिळविला.

थेट जनतेला आवाहन करणे हा दुसरा मार्ग. फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी १९३३ पासून नभोवाणीवरील भाषणांतून तो रुळविला. मात्र भाषणांनी लोकमत क्वचितच बदलते, असे राज्यशास्त्रज्ञ जॉर्ज एडवर्ड्‌स यांचे संशोधन सांगते. त्यामुळे अनुकूल परिस्थिती ओळखणे हेही मन वळविण्याइतकेच मोलाचे राजकीय कौशल्य होय. लोकशाहीत असा संमतीवर उभा प्रभावच टिकाऊ ठरतो.