हृदयाचे चित्र आणि किरणांची काटकसर

अल्बनीतल्या आपल्या मंडळींत चाळिशी उलटली, की गप्पांची गाडी मुलांच्या शाळेवरून हळूच कोलेस्टेरॉलवर येते. त्याला कारणही आहे. न्यूझीलंडच्या आरोग्य मंत्रालयाने २०१८ साली सुचवले, की दक्षिण आशियाई पुरुषांनी हृदयरोगाच्या धोक्याची तपासणी तिशीपासून आणि स्त्रियांनी चाळिशीपासून करावी. म्हणजे इतरांपेक्षा पंधरा वर्षे आधी. मग कोणाला हृदयाचा सीटी स्कॅन सांगितला जातो आणि मला हमखास प्रश्न येतो, "यात किरणं किती लागतात हो?" उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला, तो मेंदूचा. मेंदू कवटीत स्वस्थ असतो, हृदय मात्र क्षणभरही थांबत नाही. २००४ च्या सुमारास ६४ स्लाइसची यंत्रे आली आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसू लागल्या. पण किंमत जबर होती. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात किरणे चालूच राहत, त्याच भागावर पुन्हा पुन्हा पडत आणि उपयोगी पडे ती फक्त दोन ठोक्यांमधल्या विसाव्याची चित्रे. २००७ मध्ये ५० रुग्णालयांच्या पाहणीत निम्म्या रुग्णांना सुमारे १२ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून अधिक मात्रा मिळाल्याचे दिसले. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळते, म्हणजे ही पाच वर्षांची शिदोरी झाली!

मग काटकसर सुरू झाली. ईसीजी पाहून हृदयाच्या विसाव्यापुरतीच किरणे सोडायची. त्यासाठी औषध देऊन नाडी साठीपर्यंत उतरवायची. सडपातळ व्यक्तीसाठी १२० ऐवजी १०० किलोव्होल्ट वापरायचे. त्यात शिरेतून दिलेले आयोडीन उलट अधिक उजळ दिसते. चित्रात वाढलेले कण संगणकाच्या गणिताने निवळायचे. २०१७ च्या पाहणीत ३२ देशांतल्या ६१ रुग्णालयांत मात्रा २००७ पेक्षा ७८ टक्क्यांनी उतरलेली दिसली आणि वाया जाणाऱ्या तपासण्या मात्र वाढल्या नव्हत्या. पुढे एकेक किरणकण मोजणारी यंत्रे आली; त्या तंत्रावर आपल्या ख्राइस्टचर्चमध्येही काम झाले आहे.

मला मात्र त्याच पाहणीतला दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो. एका रुग्णालयातली मात्रा दुसऱ्याच्या ३७ पट होती! म्हणजे युक्ती सर्वांना ठाऊक होती, पण ती सगळीकडे सारखी वापरली जात नव्हती. म्हणून तपासणी इथे ऑकलंडला असो वा आईवडिलांची पुण्याला, दोन प्रश्न अवश्य विचारा: नाडी उतरवणार का? किरणे फक्त विसाव्याच्या वेळीच सोडणार का? भीतीपोटी आवश्यक तपासणी टाळू नये. पण विचारण्यात संकोचही कशाला?